अवघड लेव्हल कुणाला दाखवायची?

आमच्या घरात व्हिडिओ गेम खेळते ती सून. हे आधीच सांगून टाकते, कारण नातवंडं खेळत असतील असं समजून लोक कौतुकानं माना हलवतात आणि मग मला मधेच थांबून दुरुस्ती करावी लागते. नात परी सात वर्षांची, तिला त्या राक्षसांची भीती वाटते. सून सुवर्णा चौतीसची, आणि ती रोज दुपारी चार ते पाच तलवार घेऊन डोंगरात हिंडते.

मी त्रेसष्ट वर्षांची. माझ्या उजव्या छातीत गाठ निघाली, ती कॅन्सरची होती. ऑपरेशन झालं, बाटल्या चढल्या, केस गेले, केस आले. हे लिहायला हॉस्पिटलातल्या सिस्टरनं सांगितलं. आमच्याकडच्या, म्हणजे धुळ्या-नंदुरबारकडून सुरतेत आलेल्या बायका तिथं येतात, घाबरतात, आणि काही विचारलं तर तोंड उघडत नाहीत. "मासी, तुम लिखो. तुम्हारा पढेंगी," ती म्हणाली. औषधांची नावं मला येत नाहीत. मी कुठे शहाणपणा केला आणि तो कसा अंगाशी आला, एवढंच मला सांगता येईल.

रिपोर्ट आणि कोथिंबीर

गाठ मला अंघोळ करताना लागली. दिराच्या मुलीचं लग्न दोन महिन्यांवर होतं. म्हटलं, लग्न होऊ दे. वरातीत नाचले, पंगतीत वाढलं, आणि गाठ आपली जागच्या जागी. ही पहिली चूक. तुम्ही करू नका, एवढं म्हणून पुढे जाते.

रिपोर्ट घ्यायला मी आणि मुलगा दीपक गेलो. दीपक सुरतेजवळच्या सचिन गावी कापडाच्या कारखान्यात आहे, बारा तासांची पाळी. डॉक्टरबेन गुजराती, वयानं माझ्या लेकीसारखी. तिनं आधी दीपककडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कुणाला आधी सांगावं या विचारात पडली. मी म्हटलं, "बोलो बेन. छाती मेरी है, इसकी नहीं."

ती हसली नाही. तेव्हाच मला कळलं.

परतताना मी रिक्षा थांबवून कोथिंबीर घेतली. जुडी शिळी होती म्हणून भाजीवाल्याशी भांडले, वर मिरच्या मागितल्या. दीपक रिक्षात बसून रडत होता आणि मी मिरच्या निवडत होते. गोडादऱ्याला घरी पोचलो तर सुवर्णा दारातच उभी. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, दीपकच्या हातातलं रिपोर्टचं पाकीट घेतलं, दोन्ही ओट्यावर ठेवलं.

"आई, आधी चहा की आधी रडणं?"

"चहा," मी म्हटलं.

रडणं त्या दिवशी राहूनच गेलं.

कितवी बाटली?

आमच्यात केमोला कुणी केमो म्हणत नाही, बाटली म्हणतात. "कितवी बाटली?" असं एकमेकींना विचारायचं. सकाळी आठला फाइल द्यायची, रक्त द्यायचं, मग नंबर लागेपर्यंत बसायचं. आत ओळीनं मागे कलणाऱ्या खुर्च्या, आणि एसी असा की शालीशिवाय बसवत नाही. माझ्या शेजारी बऱ्याचदा हंसाबेन असायच्या. त्या डब्यातून ठेपला काढून अर्धा मला द्यायच्या. मला चव लागत नसे, त्यांनाही लागत नसे. दोघी नुसत्या चावत बसायचो.

"नमक ज्यादा है क्या?" त्या विचारायच्या.

"कौन जाने!" मी म्हणायचे, आणि आम्ही हसायचो. तेवढ्या हसण्यावर तो दिवस निघून जायचा.

घरी आल्यावरचे चार-पाच दिवस वाईट. उलट्या, तोंडात गंजलेल्या लोखंडाची चव, उशीवर केस. केस फारच गळायला लागले तेव्हा मी दीपकला म्हटलं, मशीन फिरव. त्यानं मशीन उचललं आणि परत ठेवलं, म्हणून सुवर्णानं फिरवलं. परीनं माझ्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आजी, तू सेम आजोबांसारखी दिसतेस." आजोबा भिंतीवर, हाराच्या आत. मी पोट धरून हसले. बाकी कुणी हसलं नाही. आजारी माणसाच्या घरात हसण्याची परवानगी आजारी माणसानंच द्यावी लागते, हे मला त्या दिवशी समजलं.

बिनदयेची लेव्हल

सकाळ कशीतरी जायची. दुपार जात नसे.

सुवर्णा घरूनच एका साडीवाल्या शेठचं काम करते. साडीवर मशीननं जे भरतकाम होतं, त्याची डिझाइन ती कॉम्प्युटरवर टाक्या-टाक्यानं बनवते. इकडे त्याला पंचिंग म्हणतात. चार वाजता काम आटोपलं की त्याच कॉम्प्युटरवर गेम. इतकी वर्षं त्या एका तासाला मी नाकं मुरडली. पाहुणे आले तर ते दार मी ओढून घ्यायचे. आता पलंगावर पडल्या पडल्या दुसरं बघायला काही नव्हतं, म्हणून बघू लागले.

"काय करतेस गं?"

"हिंडतेय."

"कशासाठी?"

"पुढे काय आहे ते बघायला."

चार दिवस मी तिचं हिंडणं पाहिलं. पाचव्या दिवशी म्हटलं, दे इकडे ते रिमोट. तिनं रिमोट दिलं नाही, आधी हात पुसायला लावले. मग पडद्यावर एक यादी आली. गेम सुरू करण्याआधी तो विचारतो, किती अवघड हवं? सुवर्णानं वाचून दाखवलं. पहिली लेव्हल ज्यांना गोष्ट बघायचीय त्यांच्यासाठी, दुसरी साधी, तिसरी अवघड, आणि चौथी अशी की तिच्यात कुणी दयामाया दाखवणार नाही.

"तू कुठली घेतेस?"

"पहिली."

"अगं, चौतीस वर्षांची घोडी तू, आणि बालवाडीत बसतेस?"

"आई, मला गोष्ट बघायची असते. मार खायला दिवसभर शेठ आहेतच की."

"मला चौथी लाव. बिनदयेची."

"तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा हातात धरताय ते!"

"म्हणूनच."

ती एवढंच म्हणाली, "मधे कधीही बदलता येते. गोष्ट तीच राहते, घाव तेवढे हलके बसतात." मी म्हटलं, घाव हलके बसले तर ती गोष्ट कसली?

मग गेमनं नाव विचारलं. आपण जी बाई होऊन खेळणार तिचं नाव. मी माझ्या सासूचं दिलं, द्वारकाबाई. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांची हरकत येण्याचा प्रश्न नव्हता. पहिल्याच पुलावर एक राक्षस उभा, खांद्यावर लोखंडी घण. त्याला मी टोलनाकेवाला म्हणायचे, कारण तो कुणाला पुढे जाऊ देत नसे. त्यानं घण उचलला की लाल बटण दाबायचं, द्वारकाबाई बाजूला कोलांटी मारते. नाही दाबलं तर मरते. द्वारकाबाई दिवसातून वीस वेळा मरायच्या. खोटं कशाला बोलू, पहिला आठवडा मला बरं वाटत होतं.

एकदा दीपक पाळीवरून लवकर आला. दारात डबा हातात घेऊन तो थिजल्यासारखा उभा राहिला. आत त्याची आई, टकलू, चष्मा नाकावर, ओरडतेय, "ऊठ व द्वारकाबाई! आठे झोपाले उनी का?" म्हणजे, इथं झोपायला आलीस का? बाहेर आम्ही मराठी बोलतो, पण राग अहिराणीतच येतो. दीपक भिंतीला टेकून खाली बसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रिपोर्ट आल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता.

तेव्हाची मी

मी बिनदयेची लेव्हल का घेतली, हे समजायला तुम्हाला तेव्हाची मी दाखवायला हवी.

लग्न होऊन सुरतेत आले तेव्हा वीसची होते. मागाच्या कारखान्यात कांडी भरायला जायचे, म्हणजे मशीनवर कांडीला सूत गुंडाळायचं. मुकादमानं बायकांसाठी स्टुलं आणून ठेवली होती. सगळ्या बसायच्या. एक शहाणी बसायची नाही. दीपक पोटात, सातवा महिना, पाय सुजून भाकरीएवढे, तरी बया उभी! ताप आला तरी कामावर, आणि कुणी विचारलं की मान उडवून, "मला काय धाड भरलीय?" हे सगळं कुणासाठी? तर सासूबाई त्याच ओळीत चौथ्या मशीनवर असायच्या आणि त्यांनी एकदा तरी म्हणावं, आमची सून कणखर. सासूबाई स्वतः स्टुलावर मांडी ठोकून बसायच्या. त्यांनी कधी वर पाहिलं नाही.

पुढे खूप वर्षांनी त्या थकल्या, तेव्हा मी विचारलं, "आत्याबाई, मी कारखान्यात उभी राहायचे ते आठवतं का?"

"आठवस ना," त्या म्हणाल्या. "माले वाटे, तुले मूळव्याध व्हई."

घ्या! एवढ्या सुजलेल्या पायांचं हे बक्षीस. ती वीस-बावीसची बया आता मला भेटली तर तिच्याखाली स्टूल सरकवीन आणि खांदे दाबून बसवीन. पण ती बाहेर कुठे भेटत नाही. ती माझ्या आतच बसलेली, नव्हे, उभी होती. आणि अशा बाईला डॉक्टरबेननं निवड दिली.

पहिलं औषध संपलं होतं, आता दुसरं सुरू करायचं होतं. त्याचे दोन मार्ग. दर तीन आठवड्यांनी एक मोठी बाटली, अशा चार. नाहीतर दर आठवड्याला एक छोटी, अशा बारा. "तुमची शुगर आहे माजी, मला छोट्या बऱ्या वाटतात. अंगाला सोसतात," ती तिच्या गुजराती-हिंदीत म्हणाली.

"मोठ्या," मी म्हटलं.

तोंडानं कारण दिलं की बारा वेळा यायचं म्हणजे दीपकच्या बारा पाळ्या मोडणार. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण दुसरंच होतं. हंसाबेन छोट्या घेत होत्या आणि माझ्या मते हंसाबेन नाजूक. डॉक्टरबेननं पुन्हा एकदा विचारलं, मग म्हणाली, ठीक आहे, पण काही त्रास झाला तर लगेच सांगायचं. मी मान डोलावली. माझी मान फार चांगली डोलते.

मजामां

सुरतेत कुणी "केम छो?" विचारलं की "मजामां" म्हणायचं. मजेत. याला विचार लागत नाही. घरात मयत झालेलं असलं तरी जीभ आधी मजामां म्हणते, मग रडते. चाळीस वर्षांत ती सवय हाडात गेलीय.

डॉक्टरबेन दर वेळी फाइल उघडायची आणि विचारायची, "केम छो, माजी?" मी म्हणायचे, "मजामां." ती खाली मान घालून लिहायची. "हाथपगमां खाली चढे छे?" म्हणजे हातपाय बधिर होतात का? "ना रे, बेन." ती लिहायची. मी नुसती तेवढ्यावर थांबत नसे. हॉस्पिटलला जाताना चांगली साडी, पावडर, टिकली, टकलावर रेशमी स्कार्फ. खानदेशातून आलेली माणसं गबाळी असतात असं कुणी म्हणू नये, म्हणून. आता विचार करा. डॉक्टर माणसाच्या तोंडाकडे बघून अंदाज घेतात, आणि मी तोंडाला रंग लावून जात होते.

दुसऱ्या मोठ्या बाटलीनंतर माझी बोटं गेली. जागेवर होती, पण माझी राहिली नव्हती. ब्लाउजची हुकं लावायला आरशासमोर अर्धा तास लागायचा. पावलं तर अशी, की फरशीवर चालतेय आणि वाटतंय गोधडीवरून चालतेय. हे मी कुणाला सांगितलं नाही, मधल्या तपासणीला डॉक्टरबेननं विचारलं तेव्हाही नाही. यात आता शहाणपणा दाखवायचा नव्हता, हे मात्र सांगते. मला भीती वाटत होती. वेटिंगमध्ये एका बाईनं सांगितलं होतं की तिच्या मावशीला औषध सोसलं नाही, म्हणून थांबवलं, आणि वर्षाच्या आत सगळं परत आलं. ते वाक्य मी गिळलं ते पोटात तसंच राहिलं. सांगितलं तर बंद करतील. बंद केलं तर गाठ येईल. मी मनातल्या मनात सौदा केला होता, बोटं घे, मला ठेव.

अंगठ्याकडे बघणारी बाई

तिसरी मोठी बाटली दोन दिवसांवर होती. त्या दुपारी मी टोलनाकेवाल्याशी भिडले होते. सुवर्णा बाजूला बसून मेथी निवडत होती. द्वारकाबाई मेल्या. पुन्हा मेल्या. सहाव्या-सातव्या वेळी सुवर्णाचा हात थांबला.

"आई, तुम्ही बटण दाबलंच नाही."

"दाबलं. लेव्हल अवघड आहे."

"नाही दाबलं. आणि तुम्ही पडद्याकडे बघतच नाही आहात. खाली अंगठ्याकडे बघताय."

सूनबाईंचा धंदाच टाके बघण्याचा. हजार टाक्यांत एक सुटला तर तिला दिसतो, तर मी किती लपवणार?

"महिन्यापूर्वी तुम्ही खाली बघत नव्हता," ती म्हणाली. मेथी बाजूला सारून ती माझ्यासमोर बसली. "डोळे मिटा."

"मी काय परी आहे का?"

"मिटा, आई."

मिटले. तिनं माझा अंगठा धरून कुठल्यातरी बटणावर ठेवला असावा. "कुठलं आहे?"

"लाल."

"बटणावर नाहीच ठेवला. माझ्या गुडघ्यावर ठेवलाय."

डोळे उघडायची मला हिंमत होईना. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी भांडले असते, भांडण्यात माझा हात कुणी धरत नाही. तिनं नुसतं विचारलं, "डॉक्टरबेनला काय सांगितलंत?"

"मजामां."

गेममध्ये द्वारकाबाई पुलावर आडव्या पडल्या होत्या आणि संगीत चालू होतं. मग मी सगळं सांगितलं, त्या मावशीचं, सौद्याचं. सांगताना रडले. रिपोर्टच्या दिवशी राहिलेलं, तेही त्यात उरकून घेतलं.

संध्याकाळी दीपक आला, त्याला कळलं, आणि घर फुटायचं तेवढं राहिलं. "मला पण नाही सांगितलंस? सुट्टी टाकून टाकून मी तिथं बसतो, शेजारी बसतो मी तुझ्या!" तो मला बोलत होता आणि बघत होता सुवर्णाकडे, जणू तिनंच माझी बोटं घेतली. "आणि तू आईला गेम खेळवत बसतेस."

"गेम खेळवला म्हणून कळलं," सुवर्णा म्हणाली. "तुम्ही शेजारी बसून मोबाइल बघता. परवा मी नेते त्यांना."

दीपक जेवला नाही. सकाळी जाताना माझ्या पायाशी बसला, पाऊल हातात घेतलं आणि म्हणाला, "इथं कळतं का? इथं?" मी पहिल्यांदाच खरं सांगितलं. नाही कळत, बाळा.

नथी

हॉस्पिटलला निघताना सुवर्णानं पावडरचा डबा उचलून कपाटावर ठेवला. घरातलीच सुती साडी, हुकं तिनं लावली. तिच्या स्कूटरवर मागे बसून गेले.

डॉक्टरबेननं फाइल उघडली. "केम छो, माजी?"

जीभ निघालीच होती. "मजा..." म्हणेपर्यंत सुवर्णानं टेबलाखाली मला कोपर मारलं. मी थांबले. चाळीस वर्षांत सुरतेत असं उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं.

"नथी मजामां, बेन."

डॉक्टरबेननं पेन खाली ठेवलं. मी हात पुढे केले. तिनं एकेक बोट दाबून पाहिलं, पावलं पाहिली, डोळे मिटायला लावून कापूस फिरवला, टोचून पाहिलं. कधीपासून, विचारलं. दुसऱ्या बाटलीपासून, म्हटलं. ती रागावली. रागावली म्हणजे आवाज चढवला नाही, पण तिचे कान लाल झाले. आणि मी तो प्रश्न विचारला, जो तीन आठवडे गिळून बसले होते. "दवा बंद करशो?"

तिनं माझे दोन्ही हात धरून ठेवले. "माजी, हुं बंध करवा माटे नथी पूछती. पूरुं करवा माटे पूछुं छुं."

बंद करायला नाही विचारत मी. पुरं करायला विचारते.

हे वाक्य मी तुमच्यासाठी आहे तसं उतरवून ठेवलंय. बाकीचं विसरलात तरी चालेल.

तिसरी मोठी बाटली त्या दिवशी झाली नाही. दोन आठवडे थांबले. मग उरलेल्या दोन मोठ्यांऐवजी सहा छोट्या, दर आठवड्याला एक. डॉक्टरबेननं अनवाणी चालायला बंदी घातली, कारण पायाला काय लागलं ते कळणार नाही. बोटं परत येतील का, यावर ती म्हणाली, बहुतेक येतील, हळूहळू, पण सगळी येतील असं वचन देत नाही. अजून दोन मोठ्या घेतल्या असत्या तर काय झालं असतं, हे मी विचारलं नाही. तिच्या कानांकडे बघून समजलं.

पुलापलीकडे

त्या संध्याकाळी मी स्वतः सुवर्णाला म्हटलं, ती यादी काढ. पहिल्या लेव्हलवर बोट ठेवलं, म्हणजे डोळ्यांनी बघून ठेवलं, आणि दाबलं. टोलनाकेवाला तिसऱ्या घावात पडला. मला जरा वाईटच वाटलं, इतक्या दिवसांची ओळख.

आणि पुलापलीकडे गाव होतं! सव्वा-दीड महिना मी पुलावर मरत होते आणि पलीकडे एक गाव होतं. विहीर, शेळ्या, चुलीचा धूर. एक म्हातारी ओट्यावर बसलेली. द्वारकाबाई जवळ गेल्या तर ती म्हातारी काहीतरी बोलली. "काय म्हणते गं?" मी विचारलं. सुवर्णानं वाचलं, "बस, म्हणते. दमली असशील." बसायला वेगळं बटण असतं हे मला तेव्हा कळलं. द्वारकाबाई बसल्या. आम्ही दोघी सासवा-सुनाही बघत बसलो. गेममध्ये काही घडत नव्हतं, नुसता वारा होता.

आता अवघड घेऊच नका असं मी म्हणत नाही. पुढे सुवर्णानंच हौसेनं तिसरी लेव्हल लावून पाहिली, दात-ओठ खात खेळली, आणि जिंकली तेव्हा परीला उचलून नाचली. अंगात ताकद आहे, घाव कळतोय, तर घ्या की अवघड. कुणाला मोठी बाटलीच योग्य असेल, ते तुमचा डॉक्टर आणि तुम्ही बघा. माझं चुकलं ते वेगळं होतं. बटण दाबलं जात नाही, हे मी ज्यांना कळायला हवं त्यांच्यापासूनच लपवलं, आणि वर म्हणत राहिले की लेव्हल अवघड आहे.

छोट्या बाटल्यांच्या खोलीत हंसाबेन पुन्हा शेजारी आल्या. मी त्यांना नाजूक समजत होते, हे त्यांना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "और मैं समझती थी, ये मराठी बाई को सुनाई कम देता है. डॉक्टर कुछ भी पूछे, मजामां!" सहा आठवडे सुवर्णा मला स्कूटरवरून नेत होती. जाताना मी तिला घट्ट धरायचे, कारण हाताला पकड कळत नव्हती. लग्न होऊन ती घरात आली त्याला अकरा वर्षं झाली. इतकी जवळ मी तिच्या कधी बसले नव्हते.

गच्ची

बाटल्या संपल्या. केस आले, पांढरे आणि कुरळे, जे माझे कधीच नव्हते. अंगठे हळूहळू परत आले, मग पहिली दोन बोटं. उजव्या हाताची शेवटची दोन अजून रुसलेली आहेत. पावलं मात्र काही बोलेनात. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. रोज सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताना मी वाट बघायचे आणि रोज तीच गोधडी. मनाची तयारी करत होते की ही आता जन्माची.

उन्हाळ्यात आम्ही ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे पापड, घातले. म्हणजे घातले सुवर्णानं, मी खुर्चीवर बसून चुका काढल्या. गच्चीवर चादरी अंथरून वाळत टाकले होते. भर दुपारी वारा सुटला, एका चादरीचा कोपरा उडायला लागला. सुवर्णा आत फोनवर शेठशी भांडत होती. मी धावले, चपला न घालता, बंदी मोडून. जिना चढले, गच्चीवर चार पावलं टाकली.

आणि अशी किंचाळले की समोरच्या सोसायटीतल्या बायका खिडक्यांत आल्या.

सुवर्णा फोन हातात तसाच घेऊन वर धावत आली. "आई! काय झालं? पडलात का?"

मी एका पायावर उड्या मारत होते, मग दुसऱ्या. "भाजलं! सुवर्णा, भाजलं गं! दोन्ही पाय भाजले!"

ती जागीच थांबली. क्षणभर तिला रागवायचं होतं, अनवाणी आल्याबद्दल, ते तिच्या तोंडावर दिसलं. मग तिला कळलं मी काय म्हणतेय. समोरच्या खिडकीतून कुणीतरी विचारलं, "मासी, शुं थयुं?" मी तिकडे तोंड करून ओरडले, "बहु दुखे छे!" आणि हसत सुटले. त्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

सुवर्णानं मला पाण्याच्या टाकीच्या सावलीत ओढून नेलं, बसवलं, माझी पावलं आपल्या मांडीवर घेतली. तळवे लाल झाले होते. ती त्यावर फुंकर घालत होती, आणि ती फुंकर मला कळत होती, अगदी थोडी, पण कळत होती.

"अजून कुठे कुठे दुखतं?" ती म्हणाली. "आज सगळं सांगा. मी शेठचा फोन कापलाय."

मग मी सांगायला बसले. डोक्यापासून सुरुवात केली. गुडघ्यापर्यंत आले तेव्हा बिबडे वाळून कडक झाले होते.